तिसरी चौकी

गुरुवारी दुपारी ऑफिसमागच्या बोळात एका अनोळखी माणसाने तिचं कोपर धरून तिला मागे ओढलं, तेव्हा तिला आधी रागच आला. घड्याळाचा पट्टा बदलून ती परत निघाली होती, जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं उरली होती, आणि असं कुणी अंगाला हात लावलेला तिला मुळीच खपत नसे. मग तिच्या बाहीला चाटून एक पांढरी व्हॅन उलटी येत पुढे सरकली, थांबली, आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, मघापासून हॉर्न देतोय. लक्ष कुठे आहे?" ती म्हणाली, "हो, हो." कोपर धरणारा माणूस काहीतरी बोलला, बहुधा लागलं का म्हणून विचारत असावा, पण तो उजव्या बाजूला उभा होता आणि तिला नुसते त्याचे ओठ हललेले दिसले. त्यालाही ती "हो" म्हणाली. माणूस जरा बुचकळ्यात पडल्यासारखा निघून गेला. ऑफिसात येऊन ती खुर्चीवर बसली. टेबलावरच्या फोनवर शहरभरातल्या नळांच्या तक्रारी येतात, कुठे पाणी आलं नाही, कुठे पाइप फुटला. तो फोन तिने वर्षापूर्वी टेबलाच्या उजव्या टोकावरून डाव्या टोकाला नेऊन ठेवला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईने कारण विचारलं तेव्हा तिने उजेडाचं निमित्त सांगितलं होतं. फोनला उजेड कशाला लागतो, असं त्या बाईने विचारलं नाही, हे तिचं नशीब.

व्हॅनखाली सापडले असते, हे तिच्या मनात आलं ते बऱ्याच उशिरा, चहाच्या वेळी. आधी जे मनाला लागलं ते निराळंच होतं. आपण चालत्या गाडीकडे पाठ केली. एकोणतीस वर्षं महिन्याच्या एका रविवारी हातात गुंडाळलेला लाल झेंडा घेऊन आपण उभ्या राहिलो, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच सांगितलं, की मैदान चालू असताना मैदानाकडे पाठ करायची नाही, हाक आली तरी नाही, डोळ्यात माती गेली तरी नाही. आणि आज एका बोळात पट्टा बघत बघत चाललो होतो, खुशाल. तिने नव्या पट्ट्याचं भोक एकाने मागे घेतलं, पुन्हा पुढे आणलं. फोन वाजला. कुणाच्या तरी नळाला गढूळ पाणी येत होतं. तिने पत्ता लिहून घेतला, डाव्या कानाला फोन दाबून, नेहमीसारखा.

पहिल्यांदा तिला तिकडे नेलं ते तिच्या मोठ्या भावाने. त्याला तेव्हा गाडीचं नवं वेड लागलं होतं, आणि शहराबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी बंद पडली होती, तिथे हौशी लोक जमत. शर्यत म्हणायची खरी, पण गाड्या एकमेकींना कधी भिडत नसत. नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची, एकेका गाडीने त्या वाटेने घड्याळाशी भांडत जायचं, बस्स. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आपली पाळी झाली की वाटेकडेच्या एखाद्या चौकीवर शंकूंवर लक्ष ठेवत उभं राहायचं, हा तिथला कायदा. तरी माणसं कमी पडत, म्हणून भावाने बहिणीला आणलं. भावाचं वेड तीन महिन्यांत उतरलं. ती मात्र राहिली. सकाळी उजाडता उजाडता त्या लांबलचक काळ्या पट्टीवर कुणी नसायचं, भेगांतून गवत वर आलेलं, दव पडून जमीन ओली, आणि ती हातात फक्कीचा डबा घेऊन एकेका शंकूपाशी बसायची. मैदान आखायची ती पांढरी भुकटी शंकूच्या चौकोनी पायाभोवती घालायची, म्हणजे त्याची जागा पक्की होते. गाडीचा धक्का लागून शंकू त्या चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला की ड्रायव्हरला दोन सेकंद दंड. पडला तरी दंड. चौकटीला नखभर जरी टेकून उभा असला, तर माफ. हे इतकं स्वच्छ होतं की तिला पहिल्याच दिवशी आवडून गेलं. घरात, ऑफिसात, नात्यागोत्यात कोण चौकटीच्या आत आणि कोण बाहेर हे कधी धड कळत नसे. इथे गुडघा टेकवून बघितलं की कळायचं.

नवरा तिला भेटला तो अकरा शंकू पाडून. गाड्यांच्या सीटा शिवायचं त्याचं छोटं दुकान होतं, आणि खोक्यासारखी चौकोनी, फिकट हिरवी गाडी. त्या दिवशी ती तिसऱ्या चौकीवर होती. त्याच्या चार फेऱ्या झाल्या आणि चारही फेऱ्यांत त्याने तिच्याच चौकीची धूळधाण केली. ती पळत जायची, शंकू उचलून चौकटीत ठेवायची, मागे बघत परत यायची, वॉकी-टॉकीवर आकडा सांगायची: तिसरी चौकी, तीन. तिसरी चौकी, दोन. संध्याकाळी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बोटांना शिवणकामाच्या दोऱ्याचे वळ, मान खाली. म्हणाला, तुम्हाला फार पळवलं, माफ करा. ती म्हणाली, अकरा झाले. तो म्हणाला, मी दहा मोजले. त्यावरून जो वाद सुरू झाला तो पंचवीस वर्षं पुरला. लग्नानंतरही जेवताना मधेच भात वाढून घेत तो म्हणायचा, "दहा." ती म्हणायची, "अकरा." लेक लहानपणी हे ऐकून आकडे शिकली, असं तो सगळ्यांना सांगायचा. लेकीला बरेच दिवस दहानंतर भांडण येतं असंच वाटत होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लेक जिन्याखाली त्याच हिरव्या गाडीशी बसली होती. दवाखान्यात एक्स-रे काढायची तिची नोकरी, सुटल्यावर ती थेट गाडीकडे येते. टायरातली हवा बघत होती, बापासारखीच जीभ किंचित बाहेर काढून. बाप जाऊन चार वर्षं झाली. शेवटचे तीन महिने तो अंथरुणात होता, आणि तिथूनही गाडीच्या बॅटरीची चौकशी करायचा. तो गेल्यावर एक वर्ष गाडी नुसती उभी होती, आणि मग एका रविवारी लेक किल्ली घेऊन खाली उतरली. आईने खिडकीतून बघितलं. मग आईनेही कपाटातून फक्कीचा डबा काढला. तेव्हापासून दोघी पुन्हा जायला लागल्या. घरी, ऑफिसात, लग्नकार्यात लोक तिच्याशी जरा खालच्या आवाजात बोलायचे, जपून, काचेचं भांडं उचलावं तसं. धावपट्टीवर मात्र तसं कुणी बोलत नसे. तिथे ती वहिनी होती. वहिनी झेंडा कुठाय, वहिनी दोन शंकू कमी आहेत, वहिनी नवीन लोकांना नियम सांगा. तिथे नवरा जणू नुसता रांगेत गाडी लावायला गेला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं ते एवढंच. आणि म्हणूनच कानाच्या डॉक्टरने वर्षापूर्वी लिहून दिलेला कागद तिने शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली, घालून ठेवला होता. उजव्या कानाची शीर गेली आहे, परत यायची नाही, डावा सांभाळा. तिने डावा सांभाळला. मैदानात तिसरी चौकीच मागून घ्यायला लागली, कारण तिथे गाड्या डावीकडून येतात. जोडीला किल्लीवाला मागून घ्यायला लागली. नाक्यावर किल्ल्या बनवणारा हा आडदांड माणूस, त्याचा आवाज असा की बहिऱ्यालाही जाग यावी. वॉकी-टॉकीवर बोलताना तो बटण आधीपासून दाबून ठेवतो आणि नंतर सोडायचं विसरतो, त्यामुळे त्याचे खोकले, शिंका, गाड्यांचे आवाज सगळ्या मैदानाला ऐकावे लागतात, आणि सगळे त्याला शिव्या देतात. ती देत नसे.

"हवा बरोबर आहे?" तिने विचारलं. लेक म्हणाली बरोबर आहे, पुढे आणखी काहीतरी म्हणाली, आणि ती "हो" म्हणून जिना चढू लागली. लेक बघत राहिली असावी. सहा महिन्यांपूर्वी तिने एकदा सरळच विचारलं होतं, आई, कान तपासून घेतेस का? तेव्हा आई तिच्यावर खेकसली होती, माझे कान ठणठणीत आहेत, तू तुझ्या पायाकडे बघ. कारण पायाचं दुखणं होतंच. लेक सगळी वाट झकास मारायची, पहिलं वळण, दुसरं, लांबचा नागमोडी भाग, आणि गेल्या वर्षभरापासून तिसऱ्या चौकीपाशी आली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायची. इंजिनाचा आवाज धपकन खाली यायचा. चौकी ओलांडली की पुन्हा जोर. दर फेरीला सेकंदभर तरी तिथे सांडायचं. तिने लेकीला किती वेळा सुनावलं होतं की बाबांनी इथे कधी पाय उचलला नाही, शंकू पाडले पण पाय उचलला नाही. लेक नुसती म्हणायची, सवय लागली आहे.

रात्री जेवून झाल्यावर तिने मशीनचा खण उघडला आणि नुसताच पुन्हा लावला. तिला कपाटावरचं ते दुसऱ्या क्रमांकाचं पितळी पदक दिसत होतं. नवऱ्याला आयुष्यात मिळालेलं तेवढं एकच, आणि ते दुसऱ्या क्रमांकाचं असण्याला कारण ती. वर्षाची शेवटची फेरी, तो पहिला येणार हे सगळ्यांना दिसत होतं. तिसऱ्या चौकीपाशी मागच्या चाकाचा निसटता धक्का लागून एक शंकू सरकला. पडला नाही, नुसता सरकला. ती पळत गेली, गुडघा टेकवला. शंकूचा पाया आणि फक्कीची रेघ यांच्यामध्ये काळं डांबर दिसत होतं, काडेपेटीच्या काडीएवढं. बाकी कुणी जवळ नव्हतं. एक बोट लावलं असतं तरी शंकू रेघेला टेकला असता, आणि हे तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. तिने वॉकी-टॉकी तोंडाशी धरली. तिसरी चौकी, एक. तो एका सेकंदाने हरला.  घरी येताना गाडीत तिला वाटलं, आता हे आयुष्यभर असंच बसणार आपल्या दोघांच्या मधल्या सीटवर. तिसऱ्या दिवशी सीटेला टाके घालता घालता, मान वर न करता, तो म्हणाला, "तू खोटं सांगितलं असतंस ना, तर मला पुढच्या वेळी तुझ्या चौकीवरून जोरात जाता आलं नसतं." तिला समजलं नाही. मग त्याने दोरा तोडला आणि नीट सांगितलं. तो म्हणाला, वळणापलीकडे काय आहे ते मला दिसत नाही. कुणी वाकलंय, काय पडलंय, काही दिसत नाही. तिथे तू उभी आहेस आणि तू झेंडा दाखवला नाहीस, एवढ्यावर मी पाय दाबतो.

ते आठवलं आणि त्याच्या पाठोपाठ मागच्या महिन्यातला रविवार आठवला. तो तिने इतके दिवस डोळ्यांआड ठेवला होता. पहिली गाडी अर्ध्यावर गेली की मागून दुसरी सोडतात, पण सोडण्याआधी वॉकी-टॉकीवर विचारतात, वाट मोकळी आहे का. त्या दिवशी किल्लीवाला दोन शंकू उचलायला वाटेवर गेला होता आणि वारा होता. वॉकी-टॉकी तिच्या उजव्या हातात होती. त्यातून काहीतरी खरखरलं. ती म्हणाली, "हो." नेहमीचा तो हो. नळवाल्यांना, जिन्यावरच्या शेजाऱ्यांना, बोलताना तोंड फिरवणाऱ्या सगळ्यांना द्यायचा हो. आणि गाडी सुटली. किल्लीवाल्याची वाकलेली पाठ तिला अजून दिसते. तिने ओरडून त्याला बाहेर काढला, तो धापा टाकत आला, हसला, म्हणाला, वहिनी, ह्या वयात फार पळवता. तीही हसली. वारा फार आहे म्हणाली. त्याची बायको, दोन नातवंडं, त्याचं ते किल्ल्यांचं कपाटाएवढं दुकान, हे सगळं तिच्या त्या एका होच्या पलीकडे वाकून उभं होतं, आणि ती घरी येऊन जेवली होती, झोपलीही होती. आता तिला झोप आली नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ती ऑफिसात आणि घरात वावरली, पण हा हिशेब काही केल्या चौकटीत बसेना. एक दिवस गेले नाही तर काय होतंय, असं वाटायचं. मग वाटायचं, एक दिवसाने काय होतंय, पुढच्या महिन्यात परत तेच. डावीकडून तर गाड्या येतात. किल्लीवाल्याचा आवाज तर मोठा आहे. जपून राहीन.

रविवारी उजाडताना दोघी पोचल्या तेव्हा वाट आखून झाली होती. आखणी करायचं काम ज्या म्हाताऱ्याकडे होतं तो पूर्वी रस्तेखात्यात नकाशे काढायचा, म्हणून त्याला सगळे नकाशेच म्हणत. दर महिन्याला वाट बदलायची हा त्याचा मान, गाड्यांची दिशा मात्र नेहमी तीच. तिने फक्कीचा डबा घेतला आणि एकेका शंकूपाशी बसत बसत ती तिसऱ्या चौकीपर्यंत आली, आणि तिथे बसूनच राहिली. दिशा दाखवायला आडवे पाडून ठेवलेले शंकू भलतीकडे तोंड करून होते. नकाशे मागून काठी टेकत आला, आपल्या कामावर खूश. म्हणाला, वहिनी, बघितलंत का, या वेळी सगळी वाट उलटी फिरवली. एकोणतीस वर्षांत कुणाला सुचलं नाही. गाड्या उजवीकडून येणार होत्या. तिने शंकूच्या चौथ्या बाजूची रेघ पुरी केली. ती वाकडी गेली, म्हणून पुसून पुन्हा घातली. जागा बदलून मागता आली असती, पाचव्या चौकीवर ऊन कमी असतं, गुडघे दुखतात, काहीही. निमित्तांची तिला काही वाण नव्हती. पण तिला ते काडीएवढं काळं डांबर दिसत होतं, आणि बोट लावायची वेळ पुन्हा आलेली होती.

सकाळी आठला सगळे गोळा झाले, चाळीसएक माणसं, सहा-सात नवीन. तिने नेहमीसारखा झेंडा बगलेत धरून नियम सांगितले. मैदानाकडे पाठ करायची नाही. बसायचं नाही. फोन खिशात. शंकू उचलायला जाताना आधी बघायचं मग पळायचं, आणि जोडीदार गाडी म्हणून ओरडला की शंकू तिथेच टाकून बाहेर यायचं, शंकू दुसरा मिळतो. झेंडा गुंडाळलेलाच ठेवायचा, उगाच हलवायचा नाही, पण खरंच काही दिसलं तर लाजायचं नाही. मी आजवर तीनदा दाखवला, त्यात एकदा कुत्र्यासाठी. लोक हसले. इथे ती दरवेळी थांबते आणि सगळे पांगतात. आज ती थांबली, पण पांगायला निघालेल्यांना तिने हाताने अडवलं. "आणखी एक आहे," ती म्हणाली. "ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याने चौकीवर उभं राहायचं नाही. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. वर्ष झालं. मागच्या महिन्यात मी न ऐकताच वाट मोकळी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा हे वाटेवर वाकलेले होते." तिने किल्लीवाल्याकडे हात केला.  किल्लीवाल्याने मान खाली घातली, जसा काही अपराध त्याचाच होता. तिने नारिंगी जाकीट काढलं, नीट घडी घातली, वर झेंडा ठेवला आणि नकाशेच्या हातात दिलं. म्हाताऱ्याला काय करावं कळेना. त्याने ते बाळ धरावं तसं दोन्ही हातांवर धरलं. लेक गाडीपाशी उभी होती. ती आली नाही. तिने गाडीचं दार उघडलं, आत बसली आणि दार लावून घेतलं, जोरात.

शेवटी असं ठरलं की वेळ लिहायच्या टेबलावर बसणाऱ्या कंपाउंडरने तिसऱ्या चौकीवर जावं आणि वहिनींनी टेबलावर बसावं. टेबल सुरुवातीच्या रेघेजवळ, छत्रीखाली. समोर तक्ता, प्रत्येक गाडीची ओळ, वेळेचा रकाना, शंकूंचा रकाना. वॉकी-टॉकी डाव्या कानाशी धरून ती बसली. तिला वाटलं होतं की रडू येईल, पण आलं नाही, फक्त हात रिकामे वाटत होते, झेंड्याच्या काठीचा गुळगुळीतपणा तळव्याला आठवत होता. टेबलावरून तिसरी चौकी दिसत नव्हती, मधे गवताचा उंचवटा होता. एकोणतीस वर्षांत तिने इथून मैदान कधी बघितलंच नव्हतं. गाड्या सुटत, उंचवट्यामागे जात, आणि आकडे तिच्या कानात येत. दुसरी चौकी, एक. पाचवी चौकी, काही नाही. ती लिहीत गेली. मग हिरवी गाडी रेघेवर आली. लेकीने हेल्मेट घातलेलं, तिच्याकडे बघितलं नाही. सुटण्याचा झेंडा खाली आला आणि गाडी निघाली, पहिलं वळण, दुसरं, आणि उंचवट्याआड दिसेनाशी झाली. तेवढ्यात वॉकी-टॉकी खरखरली. किल्लीवाल्याने नेहमीसारखं बटण आधीच दाबून ठेवलं होतं. त्याचा श्वास ऐकू आला, वारा ऐकू आला, आणि मागून इंजिन, जवळ येणारं. ती त्या ठिकाणाची वाट बघत होती, जिथे आवाज धपकन खाली यायचा. आवाज खाली आला नाही. तो चढतच गेला, तिसऱ्या चौकीपाशी आला, चौकी ओलांडून गेला, एका दमात, टायरं कुरकुरली, आणि ती सरळ वीस वर्षं मागे जाऊन उभी राहिली, कारण असा पाय दाबणारा नवरा तिने इतकी वर्षं ऐकला होता. "तिसरी चौकी," किल्लीवाला ओरडला, "काही नाही. वहिनी, काही नाही."

लेकीची ही वर्षभरातली सगळ्यात चांगली वेळ होती. शेवटच्या चौकीवर मात्र एक शंकू गेला होता, तो आईने रकान्यात लिहिला, दोन सेकंद मिळवले, बेरीज पुन्हा तपासली. वर्षाचे बारा रविवार, दर रविवारी चार फेऱ्या, दर फेरीला एक सेकंद. सवय लागली आहे, म्हणाली होती पोरगी. हेल्मेट काखेत मारून लेक टेबलाकडे येत होती. केस घामाने चिकटलेले, डोळे लाल. अजून रागावलेली होती, चालण्यातच कळत होतं. टेबलाशी येऊन तिने तक्ता बघितला, दोन सेकंदांवर बोट ठेवलं.

"तिसऱ्या चौकीवर आज पाय उचलला नाहीस," आई म्हणाली.

लेक टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आली. खाली वाकली.

"आज तिथे तू नव्हतीस," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. आईला ते स्पष्ट ऐकू आलं.